वणव्याचा कायदा आणि सरकारी जाळ

सातपुड्यातील बोरीच्या जंगलात 1860 च्या दशकात कॅप्टन पिअर्सन यांनी वणवा रोखण्याचा प्रयोग सुरू केला. रानाभोवती पट्टे साफ करायचे आणि उन्हाळ्याआधी ते आपणच जाळून टाकायचे, ही त्यांची रीत. या पट्ट्याला महाराष्ट्रातले वनकर्मचारी आजही जाळरेषा म्हणतात. म्हणजे आगीला बंदी घालणारे खाते पहिल्यापासून स्वतः आग लावतच होते; प्रश्न होता तो काडी कुणाच्या हाती, हा.

गावकऱ्यांच्या हातची काडी कायद्याने काढून घेतली. 1865 चा वन कायदा, त्याहून कडक असा 1878 चा आणि अजून लागू असलेला 1927 चा, या तिन्हींचा रोख तोच. कोवळ्या गवतासाठी माळ पेटवणारा गुराखी, मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळणारी बाई, फिरती शेती करणारे आदिवासी, सगळे एकाच कलमाखाली आले. 1927 च्या कायद्याच्या कलम 26 प्रमाणे राखीव जंगलात आग लावणे गुन्हा आहे. आग जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने लागली, तर सरकार तिथले चराईचे आणि वनोपजाचे हक्कच काही काळ स्थगित करू शकते. एकाच्या काडीची शिक्षा अख्ख्या गावाला, ही तरतूद अन्यायाचीच म्हटली पाहिजे.

दरम्यान, रान वेगळेच सांगत होते. ब्रह्मदेशातील ओलसर सागवनांत आग थांबली तशी बांबू आणि झुडपांची दाटी झाली. सावलीत सागाचे रोप तग धरेना. स्लेड या वनाधिकाऱ्याने 1896 मध्येच अतिसंरक्षणाविरुद्ध लिहिले. उत्तर आणि पूर्व भारतातील सालवनांतही नवी रोपे उभी राहीनात. कुमाऊँत लोकांच्या हक्कांवर निर्बंध आले आणि 1921 मध्ये तिथली चीडवने मोठ्या प्रमाणावर पेटली. सरकारला तक्रार समिती नेमावी लागली, बरेचसे जंगल राखीव बंधनांतून मोकळे करावे लागले.

यातून खात्याने ‘आगाऊ जाळणी’ स्वीकारली. गवत नुकतेच वाळलेले असते, दव असते, अशा थंडीत लावलेली आग जमिनीलगत सरपटते. झाडाचा शेंडा होरपळत नाही आणि उन्हाळ्यातल्या वणव्याला जळण उरत नाही. चीडवनात सुयांचा थर ठरावीक वर्षांनी असाच जाळला जाई. गुराख्याची जाळणी आणि ही जाळणी यांत फरक होता तो मुख्यतः वेळेचा आणि परवानगीचा.

परवानगीची वाट कलम 26 मध्येच आहे: वनाधिकाऱ्याच्या लेखी संमतीने केलेले कृत्य गुन्हा ठरत नाही. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून मानतात. जाळरेषांचे काम त्याआधी उरकायचे असते. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना वनाच्या रक्षणाचा अधिकार दिला, तरी 1927 च्या कायद्यातले लेखी संमतीचे कलम कायम आहे.