निरोप वेळेवर पोहोचत होते

‘झुलू’ (१९६४) हा ब्रिटिश युद्धपट सुरू होतो तेव्हा खरा अनर्थ घडून गेलेला असतो. माळावर लाल डगलेवाल्यांची प्रेतं पडलेली, त्यांच्या बंदुका झुलू योद्ध्यांच्या हाती. पुढचा सगळा सिनेमा आहे रोर्क्स ड्रिफ्टच्या ठाण्यातल्या दीडशे जणांचा: स्टॅनली बेकर, मायकल केन आणि अंगावर येणारे हजारो झुलू. ही प्रेतं तिथे कशी आली, हे सांगायला पडद्याला सवड नाही. ती आली हुकमाहुकमाने, तासातासाने.

११ डिसेंबर १८७८

दक्षिण आफ्रिकेतला ब्रिटिश उच्चायुक्त सर बार्टल फ्रिअर झुलू राजा सेट्श्वायोला निर्वाणीचा खलिता पाठवतो: तीस दिवसांत तुमची सैन्यव्यवस्था मोडा. मुंबईला हा माणूस चांगला ठाऊक. गव्हर्नर असताना त्याने कोटाच्या भिंती पाडल्या, आणि आजच्या फ्लोरा फाउंटनला आधी त्याचंच नाव द्यायचं घाटत होतं. लंडनला हे युद्ध नको होतं. पण लंडनहून उत्तर यायला आठवडे लागत आणि फ्रिअरला थांबायचं नव्हतं. ११ जानेवारीला मुदत संपताच ब्रिटिश सेनापती लॉर्ड चेम्सफर्डच्या फौजा झुलूलँडमध्ये शिरतात.

२० जानेवारी १८७९

चेम्सफर्डच्या फौजेची मधली तुकडी इसांडल्वाना डोंगराच्या पायथ्याशी तळ टाकते. खंदक नाही, बैलगाड्यांचं कडं नाही. कडं करा, असं बोअरांनी बजावलेलं, चेम्सफर्डच्या स्वतःच्या छापील सूचनांतही ते होतं. पण जमीन खडकाळ, गाड्या रसद आणायला लागणार, आणि मुक्काम तो काय दोन दिवसांचा!

२२ जानेवारी, रात्री सुमारे दीड

आग्नेयेकडे टेहळणीला गेलेल्या मेजर डार्टनेलचा निरोप येतो: समोर झुलू आहेत, कुमक पाठवा. हीच मुख्य सेना, असं चेम्सफर्ड धरून चालतो.

पहाटे चार

निम्म्याहून अधिक फौज आणि सहापैकी चार तोफा घेऊन तो निघतो. छावणी लेफ्टनंट कर्नल पुलाईनच्या हवाली. कारभारात हुशार माणूस, पण लढाईत फौज कधी चालवलेली नाही. रोर्क्स ड्रिफ्टहून कर्नल डर्नफर्डला बोलावणं जातं, मात्र छावणीवर हुकूम कोणाचा चालायचा हे मोघमच राहतं.

सकाळी आठ

उत्तरेच्या पठारावर झुलू दिसतात. पुलाईन चिठ्ठी लिहितो.

साडेनऊ

पंधरा-वीस किलोमीटरवर न्याहारीच्या वेळी चिठ्ठी चेम्सफर्डच्या हाती पडते. त्याच्यासोबतचा नौदलाचा लेफ्टनंट मिल्न दुर्बीण घेऊन झाडावर चढतो. तंबू उभे आहेत, गुरं तंबूंजवळ आणलेली दिसतात, बाकी सगळं ठीक. चेम्सफर्ड मागे वळत नाही. उलट, माझ्याबरोबरच्यांचे तंबू आवरून पुढे पाठवा, असा निरोप पुलाईनला धाडतो.

साडेदहा ते साडेअकरा

डर्नफर्ड पोहोचतो. १८७३ च्या एका चकमकीपासून त्याचा डावा हात लुळा. हुद्द्याने तो पुलाईनहून मोठा, पण छावणीत थांबणं त्याला मानवत नाही. आपले घोडेस्वार घेऊन तोही बाहेर पडतो.

बाराच्या सुमारास

गुरं हाकणाऱ्या झुलूंचा पाठलाग करत डर्नफर्डचे काही स्वार न्ग्वेबेनी दरीच्या कडेवर येतात आणि थबकतात. खाली सुमारे वीस हजारांची सेना बसलेली. सेनापती न्त्शिंग्वायोचा आज लढायचा विचारच नसतो. आज अमावास्या, झुलूंच्या लेखीही अशुभ. हल्ला उद्या व्हायचा. पण आता दोन्ही बाजूंनी एकमेकांना पाहिलेलं असतं. सेना उठते आणि रेड्यासारखा व्यूह पसरू लागते: मधे छाती, दोन बाजूंना दोन शिंगं.

साडेबारा ते दीड

पुलाईनच्या कंपन्या छावणीपासून दूर, विरळ ओळीत. प्रत्येकाजवळ सत्तर काडतुसं. मार्टिनी-हेन्रीच्या माऱ्याने झुलूंची छाती काही काळ जमिनीला खिळते. डर्नफर्ड एका ओघळीत डावं शिंग रोखून धरतो, काडतुसं संपत येतात तसा मागे सरतो, आणि ओळीची उजवी बाजू उघडी पडते. दारूगोळ्याच्या पेट्या वेळेत उघडल्या नाहीत म्हणून घात झाला, ही कथा ‘झुलू डॉन’ (१९७९) या सिनेमाने घरोघरी नेली. नंतरच्या अभ्यासकांचा रोख दुसरीकडे आहे: एवढ्या लांब ओळीला एवढी माणसं पुरणारच नव्हती.

दोन ते तीन

उजवं शिंग डोंगराला वळसा घालून रोर्क्स ड्रिफ्टची वाट तोडतं. तंबूंमध्ये हातघाई चालू असताना सूर्याला ग्रहण लागलेलं असतं. पुलाईन, डर्नफर्ड दोघेही मारले जातात. ब्रिटिशांकडचे तेराशेहून अधिक मेले, त्यांत त्यांच्या बाजूने लढणारे शेकडो आफ्रिकी. झुलूंचे हजाराच्या आसपास.

याच सुमारास तापाने बेजार झालेला कमांडंट लॉन्सडेल तट्टावर पेंगत एकटाच छावणीत येतो. लाल डगले दिसतात, म्हणून निर्धास्त. अगदी जवळ आल्यावर कळतं, डगल्यांत झुलू आहेत, हातात रक्ताळलेले भाले. तट्टू वळवून तो सुटतो.

साडेतीन

लॉन्सडेल चेम्सफर्डला गाठतो. चेम्सफर्डचा विश्वास बसत नाही. छावणीत हजारावर माणसं ठेवून आलोय, तो म्हणतो.

साडेचार

राखीव झुलू पलटणी सरहद्दीची नदी ओलांडून रोर्क्स ड्रिफ्टवर चालून जातात. ‘झुलू’ची गोष्ट इथून सुरू होते. मक्याची पोती आणि बिस्किटांच्या पेट्या रचून केलेला तो आडोसा, आणि रात्रभराची झुंज. शौर्य खरंच होतं, अकरा व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. शेवटची झुलूंची मानवंदना मात्र पडद्यावरच घडली. प्रत्यक्षात सकाळी जखमी झुलूंना ठार मारण्यात आलं.

त्या दिवशी निरोप अडले नाहीत. रात्री आले, सकाळी आले. पण शत्रू आपण ठरवू तिथेच असणार, या खात्रीपुढे कुठलाच निरोप टिकला नाही. त्याच खात्रीवर फ्रिअरने हे युद्ध काढलं होतं.

आता पुन्हा सिनेमाकडे. रोर्क्स ड्रिफ्ट नदीच्या अलीकडे, ब्रिटिशांच्या नाताळ वसाहतीत. नदी ओलांडू नका, असं सेट्श्वायोने बजावलेलं असताना त्याचा भाऊ दाबुलामान्झी ती ओलांडून आला. म्हणजे सिनेमाने त्या दिवसातली नेमकी ती लढाई निवडली, जिथे चाल करून आलेले झुलू होते. इसांडल्वाना दाखवायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं, की चाल करून गेलेले कोण होते.