वेस्टर्न कादंबरी

वेस्टर्न कादंबरी हा अमेरिकन लोकप्रिय साहित्यातील एक साहसप्रधान कादंबरीप्रकार आहे. येथे 'वेस्टर्न' या शब्दाने एकूण पाश्चात्त्य जग अभिप्रेत नसून मिसिसिपी नदीच्या पलीकडचा अमेरिकेचा पश्चिम भाग अभिप्रेत आहे. कथानकाचा काळ बहुधा यादवी युद्धाच्या समाप्तीपासून (१८६५) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचा असतो. काउबॉय म्हणजे घोडेस्वार गुराखी, कुरणमालक, शेरीफ, वाटमारे आणि नवे वसाहतकार ही त्यातील नेहमीची पात्रे होत.

उगम

जेम्स फेनिमोर कूपर यांच्या 'लेदरस्टॉकिंग' मालेतील पाच कादंबऱ्या (१८२३–१८४१) या प्रकाराच्या पूर्वज मानल्या जातात. त्यांचा नायक नॅटी बम्पो वस्ती दाट होऊ लागली की पुढच्या रानात निघून जातो. १८६० पासून दहा सेंट किमतीच्या 'डाइम' कादंबऱ्यांनी अशा कथा सामान्य वाचकापर्यंत पोहोचवल्या.

टेक्सासमधील गुरांचे कळप कॅन्ससच्या रेल्वेस्थानकांपर्यंत हाकत नेण्याचा धंदा १८६७ च्या सुमारास भरास आला आणि जेमतेम वीस वर्षे टिकला. जोसेफ ग्लिडन यांनी १८७४ मध्ये पेटंट घेतलेल्या काटेरी तारेने मोकळी कुरणे बंदिस्त झाली, रेल्वे दूरवर पोहोचली आणि १८८६–८७ च्या हिवाळ्यात असंख्य गुरे दगावली. वस्तीची सलग सीमारेषा आता उरली नसल्याचे १८९० च्या जनगणनेनंतर जाहीर करण्यात आले. या प्रकारातील पहिली मान्यताप्राप्त कादंबरी, ओवेन विस्टर यांची 'द व्हर्जिनियन', मात्र १९०२ मध्ये प्रकाशित झाली. चित्रित केलेले जग नाहीसे झाले आहे, हे विस्टर यांनी प्रास्ताविकातच सांगितले आहे. वेस्टर्न कादंबरी अशा रीतीने जन्मापासूनच स्मरणरंजनाची कादंबरी होती. तिचा काळ मुळात हातून निसटलेलाच असल्यामुळे ती लवकर जुनी वाटत नाही.

स्वरूप आणि आकर्षण

वस्ती वसली आहे, पण न्यायालय कित्येक मैल दूर आहे, अशा ठिकाणी कथा घडते. अन्याय समोर दिसत असताना काय करावे, हे एकट्या माणसाला स्वतःच ठरवावे लागते. जॅक शेफर यांच्या 'शेन' (१९४९) या छोटेखानी कादंबरीत हा पेच विशेष स्वच्छपणे मांडला आहे. १८८९ मधील वायोमिंगमध्ये शेन नावाचा अनोळखी स्वार स्टारेट कुटुंबाच्या शेतावर येतो, पिस्तूल बाजूला ठेवतो आणि मजुरी करू लागतो. कुरणमालक फ्लेचर शेतकऱ्यांना हुसकावण्यासाठी भाडोत्री बंदूकबाज आणतो, तेव्हा शेनला पुन्हा शस्त्र उचलावे लागते. तो जिंकतो, मात्र ज्या हिंसेमुळे शेतकरी वाचले, तिला त्यांच्या शांत जीवनात स्थान नाही, हे ओळखून जखमी अवस्थेतच निघून जातो. ही हकीकत त्या घरातील मुलगा मोठेपणी सांगतो. चकमकीपेक्षा हे निघून जाणेच वाचकांच्या अधिक लक्षात राहते.

वॉल्टर व्हॅन टिलबर्ग क्लार्क यांनी 'द ऑक्स-बो इन्सिडेंट' (१९४०) मध्ये याच परिस्थितीची दुसरी बाजू दाखवली. खून आणि गुरेचोरीच्या संशयावरून जमाव तिघांना फासावर लटकवतो. ज्याचा खून झाला असे मानले गेले, तो माणूस जिवंत असल्याचे नंतर कळते.

भूप्रदेशाचे वर्णन हे दुसरे आकर्षण. झेन ग्रे यांच्या 'रायडर्स ऑफ द पर्पल सेज' (१९१२) मध्ये यूटामधील दऱ्या आणि खडक पात्रांइतकेच महत्त्वाचे आहेत. लुई लामूर (१९०८–१९८८) यांनी ऐंशीहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. आपण कथेत वर्णिलेला झरा प्रत्यक्षात त्या जागी असतो आणि त्याचे पाणी पिण्याजोगे असते, असे ते अभिमानाने सांगत. कार्ल माय या जर्मन लेखकाने मात्र हा प्रदेश न पाहताच 'विनेटू' (१८९३) लिहिली, आणि जर्मन वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी ती आवडीने वाचली.

टीका आणि उत्तरकाळ

या कादंबऱ्यांतील 'मोकळी' जमीन मोकळी नव्हती. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकारांना १६० एकरांचे तुकडे मिळाले, ते मूलनिवासी जमातींकडून करारांनी किंवा बळाने घेतलेल्या भूमीतून. जुन्या वेस्टर्नमध्ये मूलनिवासी बहुधा संकट म्हणून किंवा वाटाड्या म्हणून येतो. कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन गुराख्यांची संख्या प्रत्यक्षात मोठी असूनही ते क्वचितच नायक होतात. वास्तविक गुराख्यांची अनेक कौशल्ये आणि पुष्कळशी परिभाषा मूळची मेक्सिकन 'वाकेरों'ची. जेम्स वेल्च यांनी 'फूल्स क्रो' (१९८६) मध्ये हाच काळ ब्लॅकफीट जमातीच्या बाजूने रंगवला. चार्ल्स पोर्टिस यांच्या 'ट्रू ग्रिट' (१९६८) मध्ये वडिलांच्या खुन्याचा पाठलाग चौदा वर्षांची मुलगी करते.

लॅरी मॅकमर्ट्री यांच्या 'लोनसम डव्ह' (१९८५) या कादंबरीला १९८६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. टेक्सासपासून मोंटानापर्यंत गुरे नेणाऱ्या दोन वयस्क माजी रेंजर्सची ही कथा काउबॉयभोवतीचे वलय पुसण्यासाठी लिहिली होती. प्रवासात माणसे निरर्थकपणे मरतात. तरीही वाचकांनी ती शौर्यगाथा म्हणूनच डोक्यावर घेतली, याबद्दल मॅकमर्ट्री यांनी पुढे वारंवार नाराजी व्यक्त केली.