झरी विनायक : भाट्ये किनाऱ्यावरील गोड्या पाण्याचा झरा

रत्नागिरी शहराची दक्षिण सीमा काजळी नदी आखून देते. सह्याद्रीत उगम पावणारी ही नदी चांदेराई, सोमेश्वर ही गावे मागे टाकत भाट्ये येथे अरबी समुद्रास मिळते. अलीकडे मांडवी व राजिवडा, तर खाडीवरील पूल ओलांडला की भाट्ये. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा 1886 ते 1916 या काळात रत्नागिरीत नजरकैदेत होता. त्याच्या राजवाड्याजवळील थिबा पॉइंटवरून ही खाडी नजरेत भरते. झरा मात्र तेथून दिसत नाही.

पुलापलीकडे सुरूच्या बनाच्या कडेने पावसकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी गणपतीचे देऊळ आहे. पाण्याच्या झऱ्यावरूनच या देवास 'झरी विनायक' हे नाव पडले. सूर्यास्त पाहून परतणाऱ्या पर्यटकांपैकी बहुतेकांना याची दखलही नसते, याचे नवल वाटते; कारण समोर हाकेच्या अंतरावर खारा समुद्र आणि पाठीशी गोडे पाणी, हा योग सहसा जुळत नाही.

त्याचे कारण कोकणच्या सड्यांत आहे. माथ्यावरील जांभा दगड सच्छिद्र असतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातील काही पाणी जांभ्यातून झिरपत खाली उतरते. जांभ्याखालच्या चिकणमातीच्या थरातून ते सहजी पार होत नाही. मग आडवे सरकत उतारावर किंवा पायथ्याशी बाहेर पडते. कोकणातील अनेक झरे असेच जन्मतात.

भाट्येची दुसरी ओळख नारळाची. येथे 1955 मध्ये स्थापन झालेले नारळ संशोधन केंद्र आता दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. 'प्रताप' ही जात याच केंद्राची देणगी.

अशा झऱ्याचे रक्षण पायथ्याशी कुंड बांधून, फरशी घालून होत नाही. त्याचे भवितव्य माथ्यावर ठरते. सड्यावर चिरेखाण खणली, जमीन सपाट करून काँक्रीट ओतले, की पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. ऑगस्टमध्ये पाहिलेल्या धारेवरून ही झीज कळत नाही. ती जोखायची तर एप्रिल-मेमध्ये, वाड्यावस्त्यांवर टँकर फिरू लागतात तेव्हा, देवळापाशी जाऊन पाणी पाहावे लागते.