नळाचे फासे आणि आमच्या मुलांचे गणित

वर्धा नदीच्या काठावर कौंडिण्यपूर आहे. गाव अमरावती जिल्ह्यात, पण नदी ओलांडली की आपला आर्वी तालुका लागतो. परंपरेने हे जुने कुंडिनपूर, विदर्भाच्या राजांची राजधानी. रुक्मिणीचे माहेर म्हणून सगळे ओळखतात. दमयंतीही याच विदर्भाची राजकन्या, हे मात्र कमी लोकांच्या लक्षात असते. महाभारताच्या वनपर्वातली नळ-दमयंतीची गोष्ट आपल्याच मुलखाची आहे आणि ती फाशांची गोष्ट आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर. खालच्या वर्गांना गणितही शिकवतो आणि त्यात फासे वापरतो. त्यावरून काही पालक अधूनमधून विचारतात, "सर, मुलांच्या हातात फासे? हे तर जुगाराचे सामान. दीनमध्ये याची मनाई आहे ना?" प्रश्न रास्त आहे. त्याला हसून टाळणे मला बरे वाटत नाही. म्हणून आज फाशांचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहू.

आधी नळाकडे. नळ राजाने भाऊ पुष्कराबरोबर फासे खेळून राज्य घालवले, बायकोसह रानात भटकला आणि शेवटी तिलाही सोडून गेला. पुढे तो बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. दमयंती माहेरी, कुंडिनपुरात होती. तिने दुसऱ्या स्वयंवराचा निरोप पाठवला आणि ऋतुपर्ण रथात बसून विदर्भाकडे निघाला. वाटेत एक बेहड्याचे झाड लागले. ऋतुपर्णाने नुसते पाहून त्याच्या दोन फांद्यांवर किती पाने आणि किती फळे आहेत ते सांगितले. नळाला पटेना. त्याने रथ थांबवला, मोजून पाहिले. आकडा बरोबर निघाला. हे कसे जमले, असे विचारल्यावर राजा म्हणाला की, मी फाशांचे मर्म जाणतो, म्हणून मोजणीतही तरबेज आहे. नळाने त्याला घोड्यांची विद्या दिली आणि बदल्यात ही विद्या घेतली. नंतर पुष्कराशी पुन्हा डाव मांडला, राज्य परत मिळवले आणि भावाला माफही केले.

झाड बेहड्याचेच का, तर वेदकाळात बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे. घर बुडाले, बायको दुरावली, तरी पाय डावाकडेच वळतात, अशी त्याची कैफियत आहे. बेहड्याची झाडे आजही विदर्भाच्या जंगलात उभी आहेत. आमच्याकडे त्याचे फळ खोकल्यावर आणि त्रिफळ्यात वापरतात. त्या फळाने कधीकाळी राज्ये घालवली, हे मुलांना सांगितले की त्यांचे डोळे मोठे होतात.

या गोष्टीत मला मास्तर म्हणून एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नळ हरला तेव्हा त्याला फासे खेळता येत होते, मोजता येत नव्हते. मोजायला शिकला तेव्हा तो सुटला. तत्त्वज्ञ इयान हॅकिंग यांनी संभाव्यतेच्या इतिहासावर १९७५ मध्ये पुस्तक लिहिले. त्यात त्यांनीही या प्रसंगाची दखल घेतली आहे. फासे आणि अंदाजाने मोजणी यांचे नाते इतक्या जुन्या काळात कुणाच्या तरी ध्यानात आले होते.

ही गोष्ट फक्त संस्कृतात राहिली नाही. अकबराच्या दरबारातला कवी फैजी याने १५९४ च्या सुमारास ती फारसीत मसनवी म्हणून लिहिली, नाव 'नल दमन'. त्याचाच भाऊ अबुल फजल. त्याच्या 'आईन-ए-अकबरी'त चौसरचे नियम दिले आहेत. सोळा सोंगट्या, तीन लांबट फासे आणि प्रत्येक फाशाच्या चार बाजूंवर १, २, ५ आणि ६ ठिपके. आपण मराठीत 'पौबारा' म्हणतो तो याच पटावरून आला. एक पौ आणि दोन सहा म्हणजे बारा, मिळून तेराचे दान. अकबराने 'चंदल मंडल' नावाचा मोठा पटही बसवला होता. सोळा खेळाडू, चौसष्ट सोंगट्या.

भाषाही साक्ष देते. फारसीत फाशांच्या एका खेळाला नर्द म्हणतात आणि मराठीत सोंगटीला नरद म्हणतात. संस्कृत 'पाशक' उर्दूत पासा झाला, मराठीत फासा झाला. आपल्या दोन्ही भाषा या पटावर कधीच्या समोरासमोर बसल्या आहेत.

नर्दबद्दल इराणी परंपरेत एक कथा आहे. हिंदुस्थानातून नौशेरवान बादशहाकडे बुद्धिबळ आले. ते उलगडून दाखवणाऱ्या बुजुर्गमेहर वजिराने उत्तर म्हणून नर्द तयार करून हिंदुस्थानला पाठवले. दहाव्या शतकातल्या इतिहासकार मसऊदीने या दोन खेळांवर एक मार्मिक मत नोंदवले आहे. बुद्धिबळ करणारा माणूस इच्छास्वातंत्र्य मानणारा असावा आणि नर्द करणारा नशीब मानणारा. फासा पडतो तसे चालावे लागते, पण चाल कोणती हे माणूस ठरवतो. तकदीर आणि तदबीर यांचा हा जुना वाद आहे.

आता पालकांचा मूळ प्रश्न. कुरआनच्या सूरह माइदामध्ये मैसिर, म्हणजे जुगार, शराबच्या जोडीने हराम ठरवला आहे. सहीह मुस्लिममध्ये नर्दशीर खेळण्याविरुद्ध कडक ताकीद आलेली आहे. बहुतेक फुकहांनी पैज नसतानाही नर्द नाजायज ठरवले. काहींनी मनाईचे कारण पैज, भांडण आणि वाया जाणारा वेळ यांत पाहिले. मी मुफ्ती नाही. फतवा देणे हे माझे काम नाही आणि ज्या घरात फासा नको म्हणतात त्या घराचा मी मान राखतो. पण गणिताच्या वर्गाला फाशाचे घन लागतेच असे कुठे आहे? अंक लिहिलेल्या सहा चिठ्ठ्या डबीत टाका, काम तेच होते. ज्या पालकांना हरकत आहे त्यांच्या मुलांसाठी मी चिठ्ठ्याच वापरतो. मुलाला एक कळते की इथे कुणाचे काही घ्यायचे नाही, कुणाला काही द्यायचे नाही. आमच्या वर्गात गोट्यासुद्धा डावावर लागत नाहीत.

आणि आपल्या पूर्वजांनी फाशाने शिकवले आहे, हेही विसरू नये. मराठी मोक्षपट आपण ऐकला आहे. सापशिडीचा जुना अवतार, ज्याला परंपरा ज्ञानेश्वरांचे नाव जोडते. सद्गुणाला शिडी, दुर्गुणाला साप. याच पटाचा सूफी अवतार 'शतरंज-उल-आरिफीन' या नावाने प्रसिद्ध आहे. नाव शतरंज, पण खेळ सापशिडीचा. घराघरांत सूफी मार्गाच्या अवस्था लिहिलेल्या आणि सर्वांत वर अर्श. वारकऱ्याचा पट आणि सूफीचा पट शेजारी ठेवले तर दोघांचा हेतू एकच दिसतो. खेळता खेळता माणसाने स्वतःचे वागणे तपासावे.

वर्ध्याची मातीही हेच सांगते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींनी वर्ध्यात शिक्षण परिषद भरवली. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, पुढे देशाचे राष्ट्रपती झाले ते. डिसेंबर १९३७ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातून नई तालीम उभी राहिली, तिचे केंद्र सेवाग्राम. हाताने काम करताना डोके चालले पाहिजे, हा तिचा गाभा. टकळीवर सूत काढताना मूल तारा मोजते, वजन करते, हिशेब मांडते. मुलांसाठी 'अब्बू खाँ की बकरी' लिहिणाऱ्या झाकिरसाहेबांचा हा धडा आम्हा उर्दू शिक्षकांना तर घरचाच आहे.

तर मी वर्गात काय करतो ते सांगतो. कुणालाही घरी करता येईल.

पहिला खेळ दोन भाषांचा. दोन वेळा फासा टाकायचा. ४ आणि ६ पडले तर ४६ करायचे की ६४, हे मुलाने ठरवायचे. मग तो अंक दोन्ही भाषांत म्हणायचा. छियालीस आणि शेहेचाळीस, चौंसठ आणि चौसष्ट. आमच्या मुलांना बाजारात मराठी अंक लागतात, पुस्तकात उर्दू. इथे दोन्ही जिभेवर बसतात आणि दशक-एककही पक्के होते.

दुसरा खेळ लपलेल्या बाजूचा. फाशावर वर ५ दिसत असेल तर खाली काय? समोरासमोरच्या बाजूंची बेरीज ७ येते, हे मुले स्वतः शोधतात. मग मी सांगतो की मोहेंजोदडोत सापडलेल्या फाशांवर मांडणी वेगळी होती. १ समोर २, ३ समोर ४, ५ समोर ६.

तिसरा खेळ शर्यतीचा. बारा मुले, प्रत्येकाला १ ते १२ मधला एक अंक. दोन फासे टाकायचे, बेरीज येईल तो एक पाऊल पुढे. १ वाला जागचा हलतच नाही आणि रडवेला होतो. ७ वाला पळत सुटतो. "का?" एवढेच विचारायचे. मुले पाटीवर जोड्या लिहू लागतात. एकूण ३६ जोड्या, त्यांतल्या ६ जोड्यांची बेरीज ७ येते, २ आणि १२ साठी एकेकच. गॅलिलिओलाही असाच प्रश्न विचारला गेला होता. तीन फाशांत ९ पेक्षा १० जास्त वेळा का येतो? त्याने २१६ शक्यता मांडल्या. ९ साठी २५ आणि १० साठी २७. पुढे १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारातून संभाव्यतेचे शास्त्र उभे राहिले.

चौथा खेळ आजीचा. चल्लस आठ म्हणा, अष्टा-चंगा म्हणा. चार कवड्या, नाहीतर दोन चिंचोके फोडून केलेल्या चार फाका, एक बाजू दगडावर घासून पांढरी केलेली. जितक्या पांढऱ्या वर तितके दान, एकही पांढरी नसेल तर आठ. फाका सारख्या पडतात असे धरले तर १६ शक्यतांत १ चार वेळा, २ सहा वेळा, ३ चार वेळा आणि ४ व ८ एकेकदाच. म्हणूनच ४ आणि ८ पडले की पुन्हा दान मिळते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आज्यांनी दुर्मिळ दानाला मोठे मोल ठेवले, ते उगाच नाही.

हे सगळे कशासाठी? आमच्या गावागावांत मटक्याचे आकडे लावणारे हात आहेत. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, पण कायदा प्रत्येक खिशात डोकावू शकत नाही. आकडा लावणारा बहुधा असे समजतो की, काल आला नाही म्हणजे आज येणारच. माझ्या वर्गातल्या पोराने शंभर वेळा फासा टाकून पाहिलेला असतो. आधीचे दान फाशाला आठवत नाही, हे त्याने स्वतःच्या वहीत मांडलेले असते. जुगार हराम आहे, हे आपण घरात शिकवतोच, शिकवलेच पाहिजे. त्याच्या जोडीला जुगारात मालक का जिंकतो, याचा हिशेबही मुलाला मांडता आला, तर त्याचा पाय घसरायला बराच वेळ लागेल.

पालकांना माझी एकच विनंती आहे. फासा नको असेल तर चिंचोके घ्या, चिठ्ठ्या घ्या, पण संध्याकाळी अर्धा तास मुलांबरोबर खाली बसा. हरल्यावर चिडू नये, जिंकल्यावर चिडवू नये आणि प्रत्येक दान मोठ्याने मोजावे, एवढे तीन नियम पुरेत. मोजायला शिकलेले मूल सहजासहजी कुणाच्या डावात फसत नाही.