दिनविशेष : २३ नोव्हेंबर

२०११ : बहारीनच्या राजवाड्यात राजे हमद यांच्या समोर उभे राहून कायदेतज्ज्ञ महमूद शरीफ बस्यूनी यांनी त्या वर्षीच्या आंदोलनावरील दडपशाहीच्या चौकशी आयोगाचा अहवाल मांडला. त्या वर्षी फेब्रुवारीत मनामाच्या पर्ल चौकात लोक लोकशाहीच्या मागणीसाठी जमले होते. हे आंदोलन मोडण्यासाठी १४ मार्चला सौदी फौजा देशात आल्या, १८ तारखेला तर चौकातले मोत्याचे स्मारकच पाडून टाकण्यात आले.

अहवाल स्पष्ट होता : कैद्यांना डोळे बांधून रबरी नळीने मारहाण, विजेचे झटके, झोपेविना उभे ठेवणे, कोठडीतल्या छळाने पाच जणांचा मृत्यू. राजाने नेमलेल्या आयोगाने राजाच्याच यंत्रणेबद्दल हे त्याच्या तोंडावर सांगावे, हे धैर्य मोठेच. पण आयोगाच्या शिफारशी अमलात आणायचे काम त्याच सरकारकडे राहिले, आणि सगळे घोडे तिथेच अडले.

लिबिया आणि सीरियासाठी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने चौकशी आयोग नेमले, बहारीनसाठी नाही. मनामात अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचा तळ आहे, हे विसरून चालणार नाही. सदस्य देशांच्या मानवी हक्कांच्या आढाव्याची पहिली फेरी परिषदेने २००८ मध्ये सुरू केली, तेव्हा पहिला नंबर बहारीनचाच होता! म्हणजे जगाला तिथल्या परिस्थितीची माहिती नव्हती असे नाही.

याच दडपशाहीत अटकेच्या वेळी जबडा मोडलेले मानवी हक्क कार्यकर्ते अब्दुलहादी अल-ख्वाजा डेन्मार्कचेही नागरिक. त्यांना जून २०११ मध्ये जन्मठेप झाली. दहा वर्षे उलटल्यावरही ते तुरुंगातच होते.