‘मला घाई आहे’ फिनिशमध्ये सांगताना : तीन शब्द, तीन काळ

फिनलंडमध्ये पीएचडीसाठी अर्ज करायचा विचार असेल, तर बरंचसं काम इंग्रजीत भागतं हे तुम्ही ऐकलं असेलच. तरीही कँटीनमध्ये, जिन्यात, बसथांब्यावर रोज कानावर पडणारी काही वाक्यं यावीच लागतात. त्यातली बरीचशी कामाच्या गडबडीबद्दल असतात. आजच्या पोस्टमध्ये तीच घेऊ, पण भाषेच्या तासासारखी नाही. या शब्दांकडे आपण इतिहासाची साधनं म्हणून बघू. कारण तुमचा विषय कुठलाही असो, एक प्रश्न तुम्हाला पदोपदी पडणार आहे : हातात आहे तो पुरावा नेमका कशाचा?

पहिलं वाक्य : ‘मिनुल्ला ऑन कीरे’. बोलताना त्याचं ‘मुल्ला ऑन कीरे’ होतं. ‘कीरे’ म्हणजे घाई, ‘ऑन’ म्हणजे आहे आणि ‘मिनुल्ला’ म्हणजे माझ्यापाशी. म्हणजे सरळसरळ ‘मला घाई आहे’! इंग्रजीतून विचार करणारा माणूस इथे अडखळतो, आपण मराठी माणसं नाही. वेळ नसेल तर ‘मिनुल्ला एइ ओले आइकाऽ’, म्हणजे ‘माझ्याकडे वेळ नाही’. हेही आपल्याच घडणीचं.

आता इथे मोह होतो. दोन भाषा इतक्या सारख्या, म्हणजे काहीतरी नातं असणार! तर नाही. फिनिश युरॅलिक कुळातली, मराठी इंडो-आर्यन. ‘माझ्यापाशी अमुक आहे’ ही रचना रशियनसकट जगातल्या कितीतरी भाषांत सापडते. एवढ्यावरून नातं सिद्ध होत नाही, की फिनिश लोकांचा स्वभावही कळत नाही. वाक्यरचनेतलं साम्य हा इतिहासाचा कच्चा पुरावा आहे. मग पक्का कुठला? निदान त्यातल्या त्यात बरा?

उसने शब्द

‘कीरे’ जुना शब्द आहे. शेजारच्या एस्टोनियन भाषेत ‘कीरे’ म्हणजे वेगवान. तासाला मात्र फिनिशमध्ये ‘तुन्ती’ म्हणतात आणि तो स्वीडिशमधल्या ‘स्टुंड’वरून आला. १८०९ पर्यंत फिनलंड स्वीडनच्या राज्याचा भाग होता. कचेरी, कायदा सगळं मुख्यतः स्वीडिशमधून. तेव्हा घड्याळाचा हिशेबही त्याच वाटेने आला, यात नवल नाही.

पण ‘स्टुंड’चं ‘तुन्ती’ का झालं? जुन्या फिनिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नसे. म्हणून ‘स्टॉकहोम’चं ‘तुकहोल्मा’ झालं आणि ‘स्कूला’चं, म्हणजे शाळेचं, ‘कोउलू’. आपल्याकडे गावाकडचा माणूस स्टेशनला ‘टेसन’ म्हणतो, तसंच.

आता तिसरा शब्द बघा : ‘स्ट्रेस्सी’. अर्थ सांगायला नको. इथे सुरुवातीची तिन्ही व्यंजनं शाबूत आहेत! म्हणजे हा शब्द आला तोवर लोकांच्या जिभेला जोडाक्षरांची सवय झाली होती. ‘स्ट्रेस’ला शरीरशास्त्रातला आजचा अर्थ मिळाला तो हान्स सेल्येच्या संशोधनातून, आणि त्याचा पहिला गाजलेला लेख १९३६ चा. म्हणजे शब्दाचा आकार आणि त्याचा बाहेरचा इतिहास एकाच दिशेला बोट दाखवतात. दोन स्वतंत्र पुरावे जुळले की आपण जरा विश्वासाने बोलू शकतो.

पण हा नियम घड्याळासारखा वापरू नका. पश्चिम फिनलंडच्या बोलींमध्ये जोडाक्षरं आधीपासून टिकत होती. त्यामुळे नुसत्या आकारावरून साल काढता येत नाही. जुनं कुठलं आणि नवं कुठलं याचा अंदाज तेवढा येतो.

घाईचा महिना, सुट्टीचा महिना

शब्द तोच राहतो आणि त्याभोवतीचं जग बदलतं, हेही होतं. जुलैला फिनिशमध्ये ‘हेइनॅकू’ म्हणतात, म्हणजे गवताचा महिना. हिवाळा लांबलचक, गुरं गोठ्यात. त्यांचं वर्षाचं वाळलेलं गवत उघडीप असेल तेवढ्या दिवसांत कापून, वाळवून आत घ्यायचं. घरातली सगळी माणसं शेतात. शेतकऱ्याच्या वर्षातली ही ऐन घाई.

मग कारखाने आले, पगारी नोकऱ्या आल्या. १९१७ मध्ये आठ तासांच्या कामाचा कायदा झाला, १९३९ मध्ये वार्षिक रजेचा. आजच्या कायद्यात रजेचा हंगाम २ मे ते ३० सप्टेंबर धरतात आणि बहुतेक लोक जुलै निवडतात. रजेला शब्द आहे ‘लोमा’, आणि त्याचा मूळ अर्थ फट, दोन गोष्टींमधली मोकळी जागा. ज्या महिन्यात मान वर करायला फुरसत नसे, त्याच महिन्यात आता कचेऱ्या ओस पडतात. नाव मात्र गवताचंच राहिलं. नुसतं महिन्याचं नाव वाचून आजच्या समाजाबद्दल निष्कर्ष काढला असता, तर तो बरोबर उलटा निघाला असता!

याचा तुम्हाला रोकडा उपयोगही आहे. होणाऱ्या गाइडला जुलैत मेल केली आणि उत्तर आलं नाही, तर नकार समजून खचू नका. ऑगस्टमध्ये पुन्हा लिहा. आणि कोणी ‘एन एह्दी’ म्हणालं, म्हणजे ‘मला तेवढ्यात जमणार नाही’, तर ते तुटक वाटेल, पण त्यात राग शोधू नका. ‘एह्दित्को हुओमेन्ना?’ असं विचारा. म्हणजे ‘उद्या जमेल का?’