आपल्या सरांना रसायनशास्त्र शिकवायला कोणी शिकवले?

मित्रमैत्रिणींनो, गारखेड्यातल्या आपल्या शाळेत वर्षातून काही दिवस ‘बी.एड.चे सर’ आणि ‘बी.एड.च्या बाई’ यायच्या, आठवतंय? हातात गुंडाळलेले तक्ते, गुंडाळफळा, रंगीत खडू. मागच्या बाकावर त्यांचे प्राध्यापक निरीक्षणाची वही उघडून बसलेले. आपल्या सरांनी ताकीद दिलेली असायची, म्हणून आपण गुणी मुलांसारखे हात वर करायचो. निळा लिटमस तांबडा झाला की त्या बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरायचा. आपले सरही कधीतरी असेच तक्ते घेऊन कुठल्या तरी वर्गात उभे राहिले असतील, हे तेव्हा मनात आले नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो इतिहास थोडा चाळला.

आपल्या आजोबांच्या काळी मराठवाडा निजामाच्या संस्थानात होता. 1918 मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. तिथे उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू. त्यासाठी 1917 मध्येच भाषांतराचे स्वतंत्र खाते काढून शास्त्राची पुस्तके उर्दूत आणायला सुरुवात झाली होती. 1923 मध्ये औरंगाबादेत इंटरमिजिएट कॉलेज निघाले. पदवीसाठी मात्र हैदराबाद गाठावे लागे. ज्याला घरी मराठीत ‘आंबट’ म्हणायचे, त्याच्या शास्त्राला कॉलेजात ‘तेजाब’ म्हणायचे, अशी ती पिढी.

1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि पुढे उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले; तेच आपले मिलिंद. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते, अशी मुले तिथे शिकू लागली. 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि पदवीसाठी हैदराबादकडे पाहण्याची गरज संपली. खेड्यातल्या मराठी शाळेतून येऊन इथेच बी.एस्सी., मग बी.एड. आणि मग शहरातल्या एखाद्या शाळेत नोकरी, ही वाट त्यानंतर रुळली. आपले सर याच वाटेने आले.

या वाटेवर त्यांना काय शिकवले जाई? बी.एस्सी.ची तीन वर्षे रसायनशास्त्र, तेही इंग्रजीत. बी.एड. तेव्हा एका वर्षाचे. त्यात शैक्षणिक मानसशास्त्र, पाठ टाचण, सराव पाठ आणि सूक्ष्म अध्यापन. सूक्ष्म अध्यापन म्हणजे सहाध्यायांनाच विद्यार्थी समजून पाच-सात मिनिटांत एकच कौशल्य घोटायचे: प्रश्न विचारणे, फळा लिहिणे, उदाहरण देणे. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात निघालेली ही पद्धत. मात्र रसायनशास्त्र शिकवण्याचा वेगळा विषय नव्हता. भौतिक, रसायन, जीव सगळे मिळून एक ‘विज्ञान अध्यापन पद्धती’.

म्हणजे विषय एकीकडे शिकायचा, शिकवणे दुसरीकडे शिकायचे आणि मधला पूल स्वतः बांधायचा. इंग्रजीत शिकलेले ‘रिडक्शन’ वर्गात ‘क्षपण’ म्हणून उभे करायचे. ‘बेस’ला आम्लारी, ‘व्हॅलन्सी’ला संयुजा. 1960 मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांनी आणि 1967 पासूनच्या बालभारतीने शब्द दिले. पण ते मुलांच्या गळी उतरवायचे काम शिक्षकांचेच. त्यातही खाचखळगे. मराठीत अणू म्हणजे ‘ॲटम’, हिंदीत मात्र अणु म्हणजे ‘मॉलिक्यूल’. मराठीतला क्षार म्हणजे ‘सॉल्ट’, हिंदीतला क्षार म्हणजे ‘अल्कली’. हिंदी पुस्तक उघडणारा मुलगा हमखास घसरायचा.

दहावीच्या शेवटच्या महिन्यात सरांनी आपल्याकडून एक वही करून घेतली होती. डाव्या पानावर मराठी शब्द, उजव्या पानावर इंग्रजी. परीक्षेत त्याला एकही गुण नव्हता, म्हणून आपण कुरकुर केली. अकरावीत पहिल्याच आठवड्यात सगळा विषय इंग्रजीतून अंगावर आला. शेजारची हुशार मुले गप्प झाली. मी वही उघडली. पुढे मी इंजिनिअर झाले, त्यात त्या वहीचा वाटा आहे. सर ज्या पुलावरून एकदा या तीरावर आले होते, त्यावरूनच त्यांनी आपल्याला पलीकडे पाठवले. हे त्यांना कोणत्याही पदवीने शिकवले नव्हते.

आता चित्र बदलते आहे. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. विषय आणि अध्यापन एकत्र शिकवणारा चार वर्षांचा अभ्यासक्रम तसा जुना आहे. 1963 मध्ये भोपाळसह चार ठिकाणी प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये निघाली, ती त्यासाठीच. 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने 2030 पर्यंत हीच शिक्षकाची किमान पदवी करायचे ठरवले आहे आणि 2023-24 पासून देशातल्या निवडक संस्थांत ती सुरूही झाली. चांगलेच आहे. पण दोन भाषांमधला तो पूल त्या चार वर्षांत कोणी शिकवणार का, हा माझा प्रश्न आहे. मराठी शाळेतून अकरावीत जाणारे मूल आजही तिथेच अडखळते.

दुसरा प्रश्न आपल्यालाच. आपल्या वर्गातल्या किती जणांनी मुलांना ‘शिक्षक हो’ म्हटले? मी नाही म्हटले. हे लिहिताना ते टोचले.

सर, ती वही अजून माझ्याकडे आहे. मेळाव्याला घेऊन येते आहे. उजव्या पानावर तुमच्या लाल शाईच्या दुरुस्त्या अजून स्पष्ट वाचता येतात.